डब्याचा धनी कोण?

रेल्वेविषयी आपल्या वृत्तपत्रांत जी चर्चा चालते तिचे विषय बहुधा ठरलेले असतात. अमुक शहराला नवी गाडी मिळाली की नाही, तमुक जिल्हा कोणत्या झोनमध्ये जावा, नव्या विभागाची कचेरी कोणत्या गावी बसावी आणि जुन्या गाडीस कोणाचे नाव द्यावे, यांवर रकानेच्या रकाने भरतात. या प्रश्नांत लोकांची अस्मिता गुंतलेली असते हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, प्रवाशाचे सुखदुःख ज्या प्रश्नावर प्रत्यक्ष अवलंबून असते तो प्रश्न या गदारोळात कोणी विचारीतच नाही. ज्या डब्यात आपण बसतो त्याचा धनी कोण? त्याची खिडकी लागत नसेल, पाण्याची टाकी अर्ध्या वाटेत कोरडी पडत असेल, किंवा गाडीच मुळी ठरल्यापेक्षा दोन डबे कमी घेऊन धावत असेल, तर ज्याला त्याचा जाब विचारावा आणि ज्याच्या अखत्यारात ती उणीव भरून काढणे आहे, असा एक तरी अधिकारी या प्रचंड यंत्रणेत कोठे बसतो? तो आज कोठेच बसत नाही. त्याने विभागाच्या कचेरीत बसावे, आणि तसे बसण्यास लागणारा पैसा, माणसे व कारखाना ही त्याच्या हाती असावीत, असे माझे मत आहे.

हे मत मांडण्यासाठी मी म्हैसूरचा दाखला घेतो. रेल्वेचा कारभार जितक्या तऱ्हांनी चालविता येईल तितक्या बहुतेक साऱ्या तऱ्हा या एका शहराने दीडशे वर्षांच्या आत पाहिल्या आहेत: दरबाराची मालकी, विलायती कंपनीचा मक्ता, पुन्हा दरबारचा खासगत अंमल, मग केंद्र सरकारचा विशाल झोन, आणि अखेर त्या झोनमधून काढलेला दुसरा झोन. शिवाय या कथेच्या एका अध्यायात मराठी मुलखाचाही सहभाग आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणास आठवत नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थान पुरते खचले होते. त्या दुष्काळात उपाशी रयतेला काम देण्याच्या निमित्ताने बंगळूर–म्हैसूर लोहमार्गाच्या मातीकामास चालना मिळाली. १८८१ च्या फेब्रुवारीत गाडी चन्नपट्टणपर्यंत आली, आणि पुढल्या वर्षी ८६ मैलांचा तो मीटरगेज मार्ग म्हैसूरला येऊन टेकला. मध्यंतरी, १८८१ च्या मार्चमध्ये, इंग्रजांनी पन्नास वर्षे आपल्या हाती ठेवलेले राज्य चामराजेंद्र ओडेयरांना परत दिले होते. नव्या राजाचे पहिले दिवाण रंगाचार्लू यांच्या वाट्याला रिकामी तिजोरी आणि अर्धवट लोहमार्ग अशी दोन्ही लोढणी एकदमच आली. हा मार्ग तुमकूरमार्गे हरिहरपर्यंत नेऊन मुंबई इलाख्याशी जोडावा ही इच्छा प्रबळ होती, परंतु पैसा नव्हता; म्हणून रंगाचार्लूंच्या पश्चात दिवाण झालेल्या शेषाद्री अय्यरांच्या काळी, १८८६ साली, संस्थानाने आपली रेल्वे सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या हवाली केली. भांडवल इंग्लंडात उभारावयाचे, गाड्या कंपनीने चालवावयाच्या, आणि कर्जाचा भार मात्र अखेर संस्थानाच्या तिजोरीने वाहावयाचा, असा एकंदर व्यवहार होता.

या कंपनीच्या नावात ‘मराठा’ हा शब्द असला तरी तिचे संचालक लंडनला बसत. तिची हिंदुस्थानातील मुख्य कचेरी धारवाडास होती आणि मोठा कारखाना हुबळीस. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी हा पट्टा तिचाच. कोल्हापूर दरबाराने स्वखर्चाने मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत २९ मैलांचा मार्ग बांधला, ज्याचा पायाभरणी समारंभ १८८८ साली किशोरवयीन शाहू महाराजांच्या हस्ते झाला आणि जो १८९१ साली खुला झाला, तोही चालवावयास याच कंपनीकडे होता. म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोल्हापूरची प्रजा आणि म्हैसूरची प्रजा एकाच कंपनीच्या डब्यांत बसत होती, आणि दोन्ही दरबारांची स्थिती सारखीच होती: मार्ग आमचा, जमीन आमची, तोटा झाल्यास तोही आमचाच; पण कोणती गाडी किती वाजता सुटेल आणि तिला किती डबे लागतील हे ठरविणारा मनुष्य आमच्या नोकरीत नाही. १९०८ साली ही कंपनी मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा झाली, आणि सत्तेचे ठाणे धारवाडाहून मद्रासेस, म्हणजे आणखी दूर, गेले.

म्हैसूर दरबाराला ही स्थिती डाचत होती. विश्वेश्वरय्या १९०९ साली संस्थानचे मुख्य अभियंता होऊन आले तेव्हा दिवाणगिरीवर टी. आनंदराव होते. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्या परिचयाचे असलेले सर टी. माधवराव यांचे हे चिरंजीव, तंजावरच्या मराठी कुळातले. स्वतः विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालविलेले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव आजही पुण्यात निघते. मुख्य अभियंता म्हणून त्यांच्याकडे बांधकामाबरोबर रेल्वेचेही खाते होते, आणि १९१२ पासून सहा वर्षे ते दिवाण असताना संस्थानाने नवे मार्ग स्वतःच्या बळावर बांधावयास घेतले. म्हैसूर–आरसीकेरे मार्ग त्यांतलाच. १९१९ साली दरबाराने म्हैसूरकडील मार्गांचा कारभार कंपनीकडून काढून स्वतःकडे घेतला. बंगळूर–हरिहर हा उरलेला मार्ग मिळावयास १९३८ साल उजाडले. आणि कारभार हाती येताच दरबाराने जे केले ते माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे होते. शहराच्या दक्षिणेस, आजच्या अशोकपुरमजवळ, त्याने एंजिने आणि डबे दुरुस्त करण्याचा स्वतःचा कारखाना उभा केला.

रेल्वे म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर रूळ, स्टेशन आणि एंजिन येते. कारखाना येत नाही. वास्तविक डब्याचे आयुष्य कारखान्यात ठरते. जुन्या पद्धतीचा मेल-एक्स्प्रेसचा डबा ठराविक मुदतीने, साधारणतः दीड वर्षाने, संपूर्ण तपासणीसाठी कारखान्यात जातो. तेथे त्याचा सांगाडा बोगींवरून उचलून बाजूला घेतात. चाके, आस आणि बेअरिंगे उघडून पाहतात. स्प्रिंगा दाबून त्यांचा कस काढतात. ब्रेकचे सिलिंडर खोलून पुसतात. आणि मग शौचालयाखालचा पत्रा तपासतात, कारण पोलादी डब्याला गंज प्रथम तेथे चढतो आणि वरून रंग कितीही झळझळीत असला तरी तळचा पत्रा चाळणीसारखा झालेला असू शकतो. हे सारे झाल्यावर डब्याच्या टोकाशी कारखान्याचे संक्षिप्त नाव, काम पुरे झाल्याची तारीख आणि पुन्हा परत येण्याची तारीख रंगवितात. प्रवाशांपैकी हजारात एकही ती वाचीत नसेल. डब्याच्या बाजूवर लिहिलेल्या क्रमांकाचे पहिले दोन अंक तो डबा कोणत्या साली बांधला हे सांगतात, आणि त्याच भिंतीवर त्याचा झोन व ज्या आगारात त्याची निगा राखली जाते त्याचे नावही असते. म्हणजे कागदोपत्री डब्याला घर आहे, जन्मसाल आहे, वैद्याची तारीखही आहे. धनी तेवढा नाही.

केआरएस रस्त्यावर १९७९ साली उघडलेल्या म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात १८९९ सालचे महाराणींचे सलून ठेवलेले आहे; स्वयंपाकघर, भोजनाची जागा, स्नानाची सोय, सारे त्यात आहे. ते पाहावयास गर्दी होते, आणि व्हावी. परंतु मला राहून राहून असे वाटते की त्याच्या शेजारी त्या काळचा तिसऱ्या वर्गाचा एक साधा डबाही तितक्याच दिमाखाने मांडावा, म्हणजे दरबारी रेल्वेच्या सुवर्णयुगाविषयी हळवे होणाऱ्यांचा हळवेपणा थोडा आवरेल. संस्थानी अमलात सर्व काही आलबेल होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. म्हैसूरची रेल्वे लहान होती, धीमी होती, आणि तिचे रूळ अरुंद असल्यामुळे मद्रासेहून ब्रॉडगेजने बंगळूरला आलेल्या मालाची तेथे हमालांच्या पाठीवरून बदलाबदल करावी लागे. मी संस्थानी व्यवस्थेतून एकच गोष्ट उचलू इच्छितो: उत्पन्न, खर्च, गाडी आणि कारखाना ही चारही एका माणसाच्या नजरेच्या टप्प्यात होती, आणि तो माणूस याच शहरात राहत होता.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था टिकणे शक्यही नव्हते आणि इष्टही नव्हते. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानी रेल्वे केंद्राच्या ताब्यात आल्या, आणि १४ एप्रिल १९५१ रोजी, गोपालस्वामी अय्यंगार रेल्वेमंत्री असताना, मद्रास अँड सदर्न मराठा, साउथ इंडियन आणि म्हैसूर संस्थानची रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे बनली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रेट इंडियन पेनिन्शुला, निजाम, शिंदे व धोलपूर यांच्या रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे घडविली गेली. चाळीसहून अधिक निरनिराळ्या रेल्वे, त्यांचे निरनिराळे नियम, निरनिराळी एंजिने आणि निरनिराळे दर यांचे एका राष्ट्रीय उपक्रमात रूपांतर करणे हे प्रचंड काम होते, आणि ते ज्या शिताफीने झाले त्याचे श्रेय त्या पिढीच्या प्रशासकांना दिलेच पाहिजे. १९५५ साली मद्रासजवळ पेरांबूरला स्विस सहकार्याने डब्यांचा कारखाना उघडला आणि देशभर एकाच बनावटीचा पोलादी डबा धावू लागला. मिरजेचा फिटर आणि म्हैसूरचा फिटर एकाच नकाशावरून काम करू लागला, ही एकीकरणाची खरी कमाई होय.

परंतु एकीकरणात अधिकार मात्र वर सरकत गेला. विभागाने झोनकडे मागावे, झोनने रेल्वे बोर्डाकडे मागावे, आणि बोर्डाने सर्वांना मिळून वाटावे, अशी वहिवाट पडली. तिचे मूळ इंग्रजी अमलात आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या रेल्वे बोर्डाला पैशाचे स्वातंत्र्य असावे म्हणून ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ साली रेल्वेचे अंदाजपत्रक सरकारी अंदाजपत्रकातून वेगळे काढले गेले. ते ९२ वर्षांनी, २०१७ च्या अंदाजपत्रकापासून, पुन्हा त्यात विलीन झाले. या विलीनीकरणावर पुष्कळ वाद झाला. माझ्या मते तो वाद चुकीच्या मजल्यावर चालला होता. अंदाजपत्रक दिल्लीत एका इमारतीत मांडले काय किंवा दुसऱ्या इमारतीत मांडले काय, म्हैसूरच्या विभागीय व्यवस्थापकाच्या हाती त्यामुळे एक रुपया अधिक वा उणा आला नाही.

झोन फोडणे हा त्यावरचा लोकप्रिय उपाय. १ एप्रिल २००३ रोजी हुबळीस मुख्यालय असलेला नैऋत्य रेल्वे हा झोन अस्तित्वात आला आणि हुबळी, बंगळूर व म्हैसूर हे तीन विभाग त्याच्याकडे गेले. आपल्याकडे मिरज ही आता एक सरहद्द झाली आहे. पुण्याकडचा आणि कोल्हापूरचा मार्ग मध्य रेल्वेचा, बेळगावकडचा नैऋत्य रेल्वेचा. मुख्यालय बंगळूरला असावे की हुबळीला यावर तेव्हा कर्नाटकात जे राजकारण पेटले ते मोठे रंजक होते. कोलकात्याची मेट्रो धरून झोनची संख्या सतरावर गेली आणि अठराव्याची घोषणा २०१९ साली झाली. प्रत्येक नव्या झोनबरोबर एक महाव्यवस्थापक, खात्याखात्यांचे प्रमुख, त्यांचे उपप्रमुख आणि त्यांची दप्तरे येतात. डबे येत नाहीत.

म्हैसूरहून रोज पंढरपूरला जाणारी गोलगुंबझ एक्स्प्रेस घ्या. कर्नाटकातल्या वारकऱ्यांची तिच्यामुळे फार मोठी सोय झाली आहे. ती म्हैसूर, बंगळूर, हुबळी आणि सोलापूर अशा चार विभागांच्या हद्दींतून आणि दोन झोनच्या अमलातून जाते. डबे नैऋत्य रेल्वेचे, शेवटचा मार्ग मध्य रेल्वेचा. वाटेत डब्याचे दिवे गेले तर ते विद्युत खात्याचे, ब्रेक धरला तर यांत्रिकी खात्याचा, सिग्नल लागला नाही तर सिग्नल खात्याचा, रूळ खचला तर स्थापत्याचा, आणि प्रवाशाची तक्रार मात्र वाणिज्य खात्याची. प्रत्येक खात्याचा माणूस आपापल्या जागी कदाचित चोख असेल. तरीही भाऊबंदकीतल्या सामाईक विहिरीसारखी डब्याची गत होते. पाणी सर्वांनी शेंदावे, गाळ कोणी काढावा हे मात्र ठरलेले नाही.

या खातेशाहीवर प्रकाश टंडन समितीने १९९४ साली, राकेश मोहन समितीने २००१ साली आणि बिबेक देबरॉय समितीने २०१५ साली बोट ठेवले. २०१९ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ वरिष्ठ सेवा मोडून एकच व्यवस्थापन सेवा निर्माण करण्याचा ठराव केला. औषध जालीम होते. पण सर्वांची भरती नागरी सेवा परीक्षेतून झाल्यावर चाके आणि सिग्नल जाणणारे अभियंते कोठून आणावयाचे हा प्रश्न उभा राहिला, आणि २०२४ साली सरकारला अभियांत्रिकी सेवा परीक्षेचा दरवाजा पुन्हा उघडावा लागला. मला यात आश्चर्य वाटत नाही. खाती असण्यात दोष नाही. यंत्र जाणणारा मनुष्य वेगळा आणि हिशेब जाणणारा मनुष्य वेगळा असणारच. दोष असा आहे की ही खाती विभागाच्या पातळीवर एकत्र येण्याऐवजी थेट दिल्लीपर्यंत आठ समांतर शिड्यांसारखी उभी आहेत, आणि प्रत्येक शिडीवरचा मनुष्य आपल्या बढतीसाठी वर पाहतो, शेजारच्या शिडीकडे पाहत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत डब्यांचे स्वरूप बदलले आणि हा दोष पूर्वीपेक्षा अधिक बोचू लागला, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. जुना पेरांबूरचा डबा स्क्रूच्या साखळीने आणि दोन बफरांनी जोडला जाई. कोणताही डबा कोणत्याही गाडीला लावता येई, आणि आजारी डबा काढून दुसरा लावणे हे शंटिंगच्या अर्ध्या तासाचे काम होते. अशा काळी डब्यांचा सामाईक साठा ठेवणे आणि वरून त्याचे वाटप करणे यात काही अर्थ होता. पुढे जर्मनीच्या लिंके हॉफमान बुश कंपनीचे तंत्र आले. या एलएचबी डब्यांना मध्यभागी एकच कपलर असतो, चकतीचे ब्रेक असतात, आणि अपघातात डबे एकमेकांवर चढत नाहीत. त्यांचा शयनयान डबा ७२ ऐवजी ८० प्रवासी घेतो. पेरांबूरने २०१८ च्या आरंभी जुने डबे बांधणे बंद केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल निर्विवाद श्रेयस्कर आहे. परंतु जुना आणि नवा डबा सहजी एकत्र जोडता येत नाहीत. त्यामुळे गाडी हा आता सुट्या डब्यांचा समूह राहिला नसून तो एक बांधलेला रेक झाला आहे, आणि त्यातला एक डबा नादुरुस्त झाला तर त्याच जातीचा दुसरा जवळ असावा लागतो.

वंदे भारतने हा बदल टोकाला नेला. तिला एंजिन नाही. मोटारी डब्यांच्या पोटाखाली आहेत. एंजिन कोठे संपते आणि डबा कोठे सुरू होतो हे जेथे सांगता येत नाही तेथे ही गाडी विद्युत खात्याची की यांत्रिकी खात्याची, हा प्रश्न निघणारच होता. २०१८ साली पेरांबूरच्या अभियंत्यांनी ती अल्पावधीत आणि परदेशी गाडीच्या मानाने स्वस्तात उभी केली. पुढच्या फेब्रुवारीत ती दिल्ली–वाराणसी मार्गावर धावूही लागली. आणि मग खात्यांच्या कुरबुरीत व दक्षता चौकशांच्या फेऱ्यात पुढील गाड्यांचे काम काही काळ रखडले. यंत्र एकविसाव्या शतकाचे आणि त्यावरची मालकी कंपनी सरकारच्या काळातल्या दप्तरांत वाटलेली, असा हा प्रकार.

म्हैसूरला ही गाडी ११ नोव्हेंबर २०२२ रोजी मिळाली; चेन्नई–म्हैसूर ही दक्षिण भारतातली पहिली वंदे भारत. ताशी १६० किलोमीटर धावण्याच्या ताकदीने बांधलेली ही गाडी सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर साधारण साडेसहा तासांत कापते, म्हणजे सरासरी ताशी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. गाडीचा हा दोष नव्हे. मार्ग, वळणे, सिग्नल, पुढे धावणाऱ्या इतर गाड्या यांच्यावर तिची मुखत्यारी नाही. बंगळूर–म्हैसूर मार्ग दुहेरी करण्याचे काम श्रीरंगपट्टणजवळ वर्षानुवर्षे अडले होते, कारण टिपू सुलतानच्या काळचे दारूगोळ्याचे कोठार नेमके नव्या रुळांच्या वाटेत उभे होते. अखेर २०१७ साली ती अख्खी वास्तू उचलून शंभर मीटरहून अधिक अंतरावर सरकविण्यात आली. दगडविटांचे कोठार न मोडता हलविणे हे अभियांत्रिकीचे नवल खरेच, आणि ते पाहून मनात येते की दोन खात्यांची दप्तरे हलविणे याहून अवघड का असावे. याच मार्गावरील टिपू एक्स्प्रेसचे नाव बदलून २०२२ च्या ऑक्टोबरात वोडेयार एक्स्प्रेस करण्यात आले. नाव योग्य की अयोग्य याचा वाद येथे नको. एवढेच सांगतो की नाव बदलावयास एक हुकूम पुरतो, आणि त्याच गाडीला दोन सामान्य डबे जास्त लावावयाचे झाल्यास डब्यांचे वाटप, फलाटाची लांबी, धुण्याच्या मार्गिकेची लांबी आणि चार खात्यांची मंजुरी आड येते.

माझ्या सूचनेवर दोन आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला असा की विभागांना डब्यांची आणि पैशाची मालकी दिल्यास पुन्हा संस्थाने निर्माण होतील. मालडब्यांच्या बाबतीत हा आक्षेप मला मान्य आहे. कोळशाचा वाघीण डबा देशभर फिरलाच पाहिजे आणि त्यावर कोणा एका विभागाचा हक्क सांगणे वेडेपणाचे होईल. प्रवासी रेकची गोष्ट वेगळी. तो रोज त्याच मार्गाने जातो आणि त्याच आगारात परततो. त्याला घर आधीच आहे, फक्त घरधनी नेमावयाचा आहे. दुसरा आक्षेप असा की मालकी वाटण्याचा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला आणि तो फसला. तेथे १९९४ नंतर रूळ एका कंपनीचे, डबे भाड्याने देणाऱ्या तीन कंपन्यांचे आणि गाड्या मक्तेदारांच्या, अशी वाटणी झाली; २००० च्या ऑक्टोबरात हॅटफील्डला तडा गेलेला रूळ फुटून गाडी घसरली, वर्षभराने रूळवाली कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, आणि २०२४ साली तेथील संसदेने प्रवासी गाड्या सरकारी मालकीत परत आणण्याचा कायदा केला. परंतु हा दाखला माझ्या बाजूचा आहे. इंग्लंडने कामाचे तुकडे केले, म्हणजे आपली खातेशाही त्यांनी कंपन्यांच्या रूपाने विकत घेतली. जपानने १९८७ साली आपली राष्ट्रीय रेल्वे प्रवासी वाहतुकीपुरती सहा प्रादेशिक कंपन्यांत विभागली, तेव्हा बुलेट ट्रेनच्या मार्गांची मालकी काही वर्षे वेगळी ठेवली तरी एरवी रूळ, गाडी आणि आगार ही प्रत्येक प्रदेशात एकाच हाती ठेवली. जपानप्रमाणे खासगीकरण करावे असे मी म्हणत नाही. एका प्रदेशाची सारी कामे एका माणसाच्या स्वाधीन करावी, एवढाच बोध मी घेतो.

तेव्हा विभागीय व्यवस्थापकाला विभागाचे खरेखुरे जमाखर्चाचे पत्रक द्यावे, जे आज लावू म्हटले तरी लागत नाही, कारण तिकिटाचा पैसा एका ठिकाणी पडतो आणि चाकाचा खर्च भलत्याच शीर्षकाखाली निघतो. विभागात मुक्कामाला असलेल्या रेकची निगा, त्यांच्या डब्यांची संख्या आणि त्यांची वेळ यांचे उत्तर त्याने द्यावे. म्हैसूरच्या कारखान्यासारखे कारखाने झोनच्या मुख्यालयाऐवजी त्यांच्याकडे डबे पाठविणाऱ्या विभागांना जबाबदार धरावेत, आणि डबा ठरलेल्या तारखेला परतला नाही तर तो किती दिवस का अडकला हे दर महिन्याला स्टेशनवर लावावे. झोनच्या कचेऱ्यांत त्यामुळे पुष्कळ खुर्च्या रिकाम्या होतील. त्यांतली कर्तबगार माणसे विभागांत यावीत. आणि विभागीय व्यवस्थापक दोन वर्षांत बदलून जाण्याची प्रथा बंद करावी, कारण ज्याने रेकचे दोन कारखाना-फेरेही पुरे पाहिले नाहीत त्याला त्या रेकचा धनी म्हणण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न आजच उभा आहे. १९९० साली स्थापन झालेले आणि १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरपर्यंत पूर्ण खुले झालेले कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र सरकारने २०२५ साली संमती दिली. इतर भागीदार राज्यांची ती आधीच मिळाली होती. दुहेरीकरणाला लागणारा पैसा महामंडळाच्या आवाक्याबाहेर होता, त्यामुळे विलीनीकरण टाळता येण्यासारखे नाही, हे मी मानतो. परंतु पावसाळ्यात रत्नागिरीच्या डोंगरात रात्री गस्त घालणारा माणूस, गाड्यांचा वेग कमी करण्याचा अधिकार आणि दरड कोसळल्यावर गाडी कोठे थांबवावी याचा निर्णय, हे सर्व आज बेलापूरच्या एका कचेरीच्या हुकमतीत आहे. विलीनीकरणाचा मसुदा लिहिताना हा मार्ग तीन झोनमध्ये वाटून टाकण्याचा मोह दिल्लीला होईल. आपल्या खासदारांनी नव्या गाड्यांची आणि थांब्यांची यादी घेऊन रेल्वेमंत्र्यांकडे जाण्यापूर्वी या एका कलमाकडे पाहावे, आणि कोकणचा संपूर्ण मार्ग, त्याची आगारे व त्याचे रेक यांच्यासह, एकाच विभागीय व्यवस्थापकाच्या स्वाधीन राहील असे लेखी घ्यावे.